छान म्हणायचं नाही

रविवारी सकाळी गोदाघाटावर जमणाऱ्या आमच्या चित्रकारांच्या घोळक्यात 'छान' म्हणायला बंदी होती. ऊन चढलं की सगळ्यांची चित्रं पायरीवर मांडायची, कडांवर दगड ठेवायचे आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रातली एक तरी चूक सांगायची. ज्याला चूक सापडली नाही, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. नियम सरांचा. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे शिक्षक, आमच्यात सर्वांत मोठे.

मी कळवणकडची. घरातली पहिली पदवीधर, नाशिकला विम्याच्या ऑफिसात नोकरी. घरी चित्र दाखवलं की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "लय भारी काढलं गं," आणि तव्याकडे वळायची. मामा विचारायचा, "मग दुकानाचे बोर्ड रंगवती का आता?" त्यांच्या प्रेमात काही कमी नव्हतं. पण आजवर माझं चित्र कोणी नीट बघितलंच नव्हतं, हे मला घाटावर कळलं.

पहिल्याच रविवारी सर माझ्या चित्रापाशी वाकले. "ही माणसं अंघोळीला आलीत की हजेरीला?"

सगळे हसले. बँकेतल्या एक ताई होत्या, त्या म्हणाल्या, "आणि देवळाला कंबरदुखी झालीय बघा."

खोलीवर येऊन मी रडले. परत जायचं नाही असं ठरवलं आणि तरी गेले. सरांनी सरकून जागा केली. "राग आला होता ना? मग बस. राग येत नाही त्याचं काही खरं नाही."

पुढची सहा वर्षं त्या माणसांनी मला सांभाळलं. वडील गेले, त्यांचं तेरावं आटोपून आले त्या रविवारी मी नुसतं करडं पाणी आणि त्यात पडलेली देवळाची सावली रंगवली होती. कोणी सांत्वन केलं नाही. सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सावली उलट्या बाजूला पडलीय तुझी." त्या एका वाक्याने मला इतकं बरं का वाटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. चार महिन्यांनी काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, खांदा धरून ते घाटावर आले आणि डाव्या हाताने दोन तास रंगवत बसले. चित्र मांडलं. रंग एकमेकांत मिसळून चिखल झाला होता, शिखर पाण्यात घसरल्यासारखं दिसत होतं. कोणी कडांवरचे दगड सारखे केले, कोणी ब्रश धुतले. शेवटी ताई म्हणाल्या, "छान झालंय, सर."

"खरंच छान," मीही म्हणाले. मग सगळेच म्हणाले.

सरांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. "अरे वा. म्हणजे आज चहा तुम्हा सगळ्यांचा." पण चहाला ते थांबले नाहीत. त्यानंतर आलेही नाहीत.

तीन रविवार गेल्यावर मी फोन करून त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते रिक्षातच ठरवलं होतं: पाणी बदललं नाहीत म्हणून रंग मळले, आणि शिखराची रेघ घाईत ओढलीत. एवढंच सांगायचं होतं.

सर गॅलरीत बसले होते. तेच चित्र समोर भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"बघितलंस ना त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. शब्द जड येत होते. "मग बोल."

त्यांचा डावा हात मांडीवर होता. नखांत निळा रंग होता. मी म्हणाले, "सर, हळूहळू हात बसेल."

"हं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आई बरी आहे ना? गावी पाऊस कसा झाला?" मी सांगत गेले. काकूंनी पोहे आणले. पाहुण्यांना देतात तशी पोह्यांच्या बशीखाली ताटली होती. चित्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

काकू जिन्यापर्यंत सोडायला आल्या. दार ओढून घेऊन हळूच म्हणाल्या, "चित्राबद्दल काही बोललीस का गं? तू येणार म्हटल्यावर सकाळपासून समोर घेऊन बसले होते."

"बोलले ना," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं बाई," म्हणून त्या आत गेल्या.