लाल टोपण

कालेवा तळ्यावर सगळे म्हणायचे, लेम्पी निस्काला भली बाई. मला हसू यायचं. भली होती, नाही कोण म्हणतं? अख्ख्या गावाच्या गॅसच्या बाटल्या फुकट भरून द्यायची. पण ती हे का करायची ते एकट्या मला ठाऊक होतं. मर्ल टोलफसनचं वाटोळं व्हावं म्हणून करायची.

मी एल्मा, तिची शेजारीण. माझा नवरा गेल्यापासून दर शनिवारी मी तिच्याच सौनात अंग शेकायला जाते. त्या वाफेत उघड्यानं बसल्यावर बाईच्या मनात काही लपून राहत नाही. लेम्पी रागावली की आवाज चढवायची नाही, उलट हळू बोलायची. मर्लचं नाव निघालं की इतकं हळू, की मला तिच्याकडे सरकून बसावं लागायचं.

मर्लचं दुकान काठावर. जिवंत आमिष, गळ, कॉफी आणि भरलेल्या बाटल्या. तळं गोठलं की आमची माणसं खोपटी ओढत बर्फावर नेतात, गिरमिटानं भोक पाडतात आणि गळ सोडून बसतात. शेजारी छोटा हीटर, त्याला हातभर उंचीचीही नाही अशी हिरवी बाटली. ती संपली की टाकून द्यायला कुणाचा जीव होत नाही, म्हणून मोठ्या टाकीवरून परत भरायची. टाकी उलटी टांगायची, बाटली बर्फात पुरून गार करायची आणि दोन्हींची तोंडं जोडायची. गार बाटली गॅस पटापट ओढून घेते. पण मेली थांबत मात्र नाही. म्हणून ती काट्यावर ठेवून बघायची असते. दोन पौंडांच्या आत काटा थांबला तर ठीक. पुढे गेला तर थोडा गॅस सोडून द्यायचा, नाहीतर हीटरजवळ बाटली तापली की आतला गॅस फुगून बाहेर येतो, आणि समोर तर जाळच असतो.

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मर्लला माहीत नव्हतं थोडंच? पण फेब्रुवारीत मासेमारीची स्पर्धा आली, दुकानापुढे रांग लागली, की हा बाबा बाटल्यांचा ढीग बर्फात लोटायचा आणि एकीमागून एक भरत सुटायचा. काटा फडताळावर धूळ खात पडलेला. बहुतेक वेळा काही होत नाही. गॅस जळत जातो, बाटली हलकी होते. एकदा मात्र झालं, आणि ते आर्वोच्या खोपटात झालं.

आर्वो म्हणजे लेम्पीचा नवरा. लाकडाचे मासे कोरायचा. असे, की पाण्यात सोडले तर खरा मासा फसावा. खोपटं पेटलं तेव्हा लोक धावेपर्यंत नुसता सांगाडा उरला होता. आर्वो वाचला. डाव्या हाताची सगळी बोटं गेली, उजव्याचा अंगठा आणि दोन खुंट राहिले.

तो दवाखान्यात असतानाच चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता मर्ल म्हणाला, "बिचारा आर्वो. घरीच भरत होता बाटल्या. आणि त्या सकाळी तोंडाला वास येत होता हो. मी म्हटलं, जाऊ दे, कशाला कुणाला सांगा."

म्हणे कशाला कुणाला सांगा! मेल्यानं सगळ्यांना सांगितलं. आर्वो तरुणपणी प्यायचा, हे खरंच होतं. वाईट प्यायचा. मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानं बाटली सोडली ती कायमची, आणि ती मुलगी आता स्वतः आई झालीय. त्या माणसानं आयुष्यात केलेलं सगळ्यात कष्टाचं काम तेच होतं. मर्लनं ते एका कपाबरोबर पिऊन टाकलं. लोकांनी विश्वास ठेवला. कुणी टोचून बोललं नाही, नुसती कीव केली, आणि ती जास्त झोंबली. आर्वो घरी आल्यावर बर्फावर बोलवायला कुणी आलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द आर्वोलाच त्या सकाळचं काही आठवेना. जेवता जेवता घास थांबवून विचारायचा, "लेम्पी, मी शुद्धीत होतो ना गं?"

"होतास."

"नक्की?"

"नक्की. खा."

हे माझ्यासमोर कितीदा झालं. मला रडू यायचं. लेम्पी त्याला भरवत राहायची, चेहऱ्यावर रेघही हलायची नाही.

कारण तिला नुसता विश्वास नव्हता, तिच्याकडे पुरावा होता. आमच्याकडे प्रत्येकाच्या बाटलीच्या टोपणाला आपापला रंग असतो. निस्कालांचा निळा, माझ्या नवऱ्याचा पांढरा, मर्लच्या दुकानाचा लाल. बाटली हीटरला लावली की टोपण कोटाच्या उजव्या खिशात टाकायचं, म्हणजे हरवत नाही. दवाखान्यातून आर्वोचे कपडे पिशवीत घालून दिले, त्यात अर्धा जळका कोट होता आणि उजव्या खिशात लाल टोपण.

ती ते घेऊन तडक दुकानात गेली. मी बरोबर होते. तिनं टोपण मर्लच्या पुढ्यात ठेवलं.

मर्लनं ते बोटानं मागे ढकललं. "असली टोपणं बर्फावर वाटेल तिथं पडलेली असतात. घरी जा लेम्पी. त्याला सांभाळ. आणि जमलं तर कपाटं हुंगून बघ."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! समोरची आमिषाची बादली त्याच्या डोक्यावर उपडी करणार होते. लेम्पीनं माझा दंड धरला. टोपण उचललं, घरी आणलं आणि वेलदोड्याच्या डब्यात टाकलं. आमच्याकडे वेलदोड्याशिवाय गोड पाव होत नाही, आणि लेम्पी दर आठवड्याला पाव करते. म्हणजे दर आठवड्याला ती ते बघायची. मुद्दामच ठेवलं होतं तिथं.

मग तिनं मोठी टाकी आणली, पडवीत टांगली आणि गावाच्या बाटल्या भरायला लागली. प्रत्येक बाटली तोलून, जोडाला साबणाचं पाणी लावून, बुडबुडा येतो का बघून. मर्लचं गावातलं गिऱ्हाईक आटलं. तो उरला बाहेरून येणाऱ्यांवर आणि स्पर्धेच्या गर्दीवर. मला वाटलं, एवढ्यानं हिचं पोट भरलं असेल.

कसलं काय! एकदा मी पडवीत गेले, तर काट्यावर एक बाटली आणि काटा दोनच्या कितीतरी पुढे. लेम्पी शांतपणे त्या बाटलीच्या टोपणाला लाल रंग लावत होती.

"अगं, ही कुणाची?"

"मर्लसाठी. त्याच्या खोपटाला कुलूप नसतं, रात्री नेऊन ठेवीन."

मी ओरडले, "लेम्पी, तुझं डोकं फिरलंय का? माणूस मरेल!"

"मरू दे की."

मी तिथंच खाली बसले. देवाची शपथ घातली, आर्वोची घातली. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. शेवटी टोपण पुरं रंगवून झाल्यावर तिनं बाटली उचलली, अंगणात नेली आणि खिळ्यानं झडप दाबून सगळा गॅस बर्फावर सोडून दिला. ती सुस्स होत रिकामी होईपर्यंत उभी होती.

आत येऊन म्हणाली, "मेला तर बोलणार कोण? मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. सगळ्यांसमोर. आर्वोला ऐकू जाईल असं."

आगीनंतरच्या पहिल्या स्पर्धेला मर्ल घाबरलेला होता. बाटल्या अर्ध्यामुर्ध्याच भरायचा. लेम्पीनं दातओठ खात वर्ष जाऊ दिलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा मोकळा झाला, पुन्हा विनोद करायला लागला. स्पर्धा जवळ आली आणि लेम्पीनं पडवीला कुलूप घातलं. "खांदा धरलाय, हात वर होत नाही," म्हणून सांगितलं सगळ्यांना. झालं, गाव धावलं मर्लकडे. दुकानामागे बर्फात बाटल्यांचा ढीग लागला.

मी म्हटलं, "बये, खांदा कसला दुखतोय तुझा? आणि कुणी ती बाटली हीटरला लावली म्हणजे?"

"स्पर्धा सुरू व्हायचा भोंगा वाजेपर्यंत खोपटात कुणी जात नाही. मी भोंग्याच्या आधी बोलणार. तू सकाळी तीन बाटल्या आण. मला तो देणार नाही."

मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. सकाळी मी दुकानात गेले. मर्ल अगदी लाडात आला. "काय एल्माबाई, शेजारणीनं वाऱ्यावर सोडलं वाटतं?" मी दात दाखवले. त्यानं स्वतःच्या हातानं तीन बाटल्या पिशवीत घातल्या.

स्पर्धेच्या दिवशी भोंगा वाजण्याआधी एक रीत असते. सगळे टेबलाभोवती जमतात आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेला आयनार सुंडक्विस्ट मासे तोलायच्या मोठ्या काट्यावर सरकारी शिक्क्याचं वजन ठेवून दाखवतो, म्हणजे काटा खरा आहे हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. आयनारनं वजन ठेवलं, लोकांनी जाड लोकरीचे मिटन घातलेल्या हातांनी थपथप टाळ्या वाजवल्या, स्पर्धेचा पुकारा करणाऱ्या मर्लनं हातातला कर्णा तोंडाला लावला, आणि लेम्पी बादली घेऊन पुढे झाली.

"अगं, अजून भोंगा वाजला नाही!" आयनार म्हणाला. "मासा कुठून आणलास?"

"काठावर सापडला," लेम्पी म्हणाली. "तोल."

लोक हसले. तिनं बादलीतून आधी आपली निळ्या टोपणाची बाटली काढून काट्यावर ठेवली. काटा दोनच्या अलीकडे थांबला. "ही मी भरलेली." मग लाल टोपणाची ठेवली. काटा दोन ओलांडून पुढे गेला. दुसरी लाल. तीही पुढे. तिसरी सगळ्यात पुढे.

हसू थांबलं. काट्याची तबकडी ही एवढी मोठी, मागच्या माणसालाही दिसत होती. समजावून कुणाला सांगायचं नव्हतं. दोघातिघांनी वळून आपापल्या खोपटाकडे बघितलं.

"एल्मा, कुठून आणल्यास?"

"आज सकाळी मर्लनं स्वतःच्या हातानं दिल्या," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच मोठा आहे.

मर्ल हसायला गेला. "थंडीनं काटा अडकलाय."

"आत्ता तुझ्यासमोर शिक्क्याचं वजन ठेवलं की," आयनार म्हणाला. "तेव्हा नव्हता अडकला तो?"

"वाद कशाला?" लेम्पीचा आवाज एकदम खाली आला, आणि ते ऐकायला सगळं तळं गप्प झालं. "मर्ल, ते तुझं खोपटं. ही तिसरी बाटली तुझ्या हीटरला लाव, हीटरजवळ ठेव, दार ओढून घे. तू बस. मी पण बसते तुझ्या मांडीला मांडी लावून. कॉफी आणलीय."

मर्ल जागचा हलला नाही.

"चल ना. तुझाच माल आहे. लोकांना देतोस, मग तुला काय धाड भरलीय?"

"मी... स्पर्धा सोडून..."

"स्पर्धा थांबेल. आम्ही थांबलोय इतके दिवस."

तेवढ्यात गर्दी थोडी सरकली आणि मागे आर्वो दिसला. लेम्पीनं त्याला गाडीत बसवून आणलं होतं. आगीनंतर पहिल्यांदाच तो बर्फावर उभा होता. हातांवर लोकरीच्या दोन पिशव्या, डोळे मर्लवर. रागावलेला नव्हता तो. जेवताना लेम्पीकडे बघायचा तसाच मर्लकडे बघत होता.

"मी नाही बसणार त्यात," मर्ल पुटपुटला.

"का?"

तो टेबलामागे सरकला.

"का रे? कर्णा आहे ना हातात? उचल."

आजूबाजूला कुणीही त्याच्या मदतीला आलं नाही. ज्यांनी तळघरात त्याच्याबरोबर मान हलवली होती ती माणसंही बुटांकडे बघत होती. मर्लनं कर्णा तोंडाशी नेला. "ती बाटली... माझ्या दुकानातली होती. मी तोलली नव्हती."

"आणि?"

"आर्वोच्या तोंडाला वास येत नव्हता."

"पुन्हा."

"आर्वो प्यालेला नव्हता!" कर्णा ओरडला आणि पलीकडच्या काठावरून आवाज परत आला. आर्वोनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. आयनारनं जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मला वाटलं, झालं. आता बाई रडेल, घरी जाऊ. पण लेम्पी निस्काला ती! तिनं कोटाच्या खिशातून लाल टोपण काढलं, वेलदोड्याचा वास येत होता त्याला, आणि मर्लच्या तळहातावर ठेवलं. मग काट्यावरच्या बाटलीचं टोपण काढून ती बाटली त्याच्यापुढे धरली.

"हे तुझं. बसव."

मर्लनं मिटन काढलं. टोपण आट्यांवर ठेवलं, फिरवलं. बसेना. बोटांतून सुटून बर्फावर पडलं. त्यानं वाकून उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा निसटलं. एवढं गाव बघत होतं आणि भोंगा वाजवायचं कुणाला सुचत नव्हतं.

"सावकाश," लेम्पी म्हणाली. "आर्वोला शर्टाचं एक बटण लावायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. रोज सकाळी मी उभी असते. तुझ्याजवळही उभी राहीन."

आणि ती उभी राहिली. बाटली हातात धरून, जराही न हलता. मी थर्मास उघडला आणि कॉफी ओतली. एक कप आयनारच्या हाती आर्वोला पाठवला, तो आयनारनं आर्वोच्या ओठाला लावला. एक माझ्यासाठी. मर्ल अजून वाकलेलाच होता.