तेवीस सह्यांचा नळ

“अंगठा घरी ठेवून यायचं,” अक्का सांगायच्या. तरी कुणी शाईकडं अंगठा नेलाच, तर तो असा पिरगाळायच्या की बाईला तीन दिवस भाकरी थापता येऊ नये. आणि आवाज? आमच्या राजारामपुरीत अक्कांनी ‘अ’ म्हटला की इथली कबुतरं उडून थेट जोतिबाच्या शिखरावर बसत. खोटं वाटत असेल तर तिथल्या गुरवाला विचारा.

आता अक्का नाहीत. जन्मभर त्यांनी दोनच कामं केली. कचेऱ्यांशी भांडण, आणि गावोगाव मोठ्या माणसांसाठी लिहिण्या-वाचण्याचे वर्ग.

तेव्हा आमच्या गल्लीत नळ नव्हता. तेवीस घरच्या बायका दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणत. अंगठे उठवले असते तर नळाचा अर्ज एका दिवसात गेला असता. अक्कांनी तो अडवून धरला. आधी सही, मग नळ. रोज दुपारी भांडी घासून झाली की त्यांच्या सोप्यात वर्ग भरायचा.

सहाव्या महिन्यात तानूबाई कावली. “अक्का, घ्या की अंगठं. पाण्याविना मरतोय आमी.”

“मेलीस तर दाखल्यावर तुझं नाव मी लिहीन. जगलीस तर तू लिही.”

अखेर अर्ज गेला, आणि कचेरीतल्या साहेबांनी तो परत फेकला. “बाई, या सगळ्या सह्या तुमच्याच हातच्या.”

चूक साहेबांची नव्हती. बायकांनी अक्कांचंच अक्षर गिरवलेलं. वाऱ्यात वाकलेल्या उसासारखं सगळं एका अंगाला.

दुसऱ्या दिवशी अक्का तेवीस बायका घेऊन कचेरीत. टाक एकच. जीभ बाहेर काढून एकेक सही चाललेली. एका सहीत साहेबांचा चहा गार, तिसरीत डबा आंबला. बाराव्या सहीला साहेबांनी हात जोडले. “पटलं. बास.”

“बास कसं?” तानूबाई तेरावी होती. “माजी कुटं बगितलासा अजून?”

तेविसाव्या सहीपर्यंत साहेबांची दाढी वाढली होती.

महिन्याभरात नळ आला. पाणी सुटलं तशी सगळी वरात नारळ घेऊन अक्कांच्या दारात. दाराला कुलूप, आणि फळीवर खडूनं चार ओळी. मी वाचून दाखवायला पुढं झालो.

“सरा दादा,” तानूबाईनं मला कोपरानं ढकललं. “आमाला लिवलंय ते.”

मग तेवीस गळे एकेक अक्षर लावू लागले, “ग-ड-मु-ड-शिं-गी गा-वी न-वा व-र्ग...” मागं नळ धो धो वाहत होता, आणि नळावर एकही घागर नव्हती.