पुठ्ठ्याच्या अकरा चकत्या

अंगणातल्या बाजेवर जुनं धोतर अंथरून निम्म्या कुरडया घालून झाल्या होत्या. उरलेला चीक गॅसवर रटरटत होता आणि मी तो लाटण्यानं ढवळत होते. चीक ढवळताना हात थांबवून चालत नाही, थांबला की गाठी. तेवढ्यात कंपनीची जीप दारात उभी राहिली आणि माझी नणंद करुणा जर्मनीहून परत आली. सासूबाई आणि शेजारच्या बाया जीपकडं धावल्या. मीही गेले. परत आले तोवर चीक खाली लागला होता. त्या संध्याकाळी बुद्धवंदना झाल्यावर मी वहीत दोनच वाक्यं लिहिली. करुणा सुखरूप आली. चीक करपला.

रोज वही लिहायची माझी जुनी सवय आहे. आज मात्र करुणाविषयी नीट लिहायला बसले आहे, आणि खरं लिहायचं तर आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो.

ती वडगाव निंबाळकरची, अडुसष्ट सालचा जन्म. सत्त्याहत्तर साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि सासरे वारलेले होते. माझे यजमान बुद्धघोष यांना वालचंदनगरच्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही सगळे कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. करुणाच्या वेण्या मी घातल्या. तिचे पाढे मी घेतले. मॅट्रिकला मला एकसष्ट टक्के होते, तिला अठ्ठावन्न. हे आकडे घरात माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात नाहीत. ती पुण्याला डिप्लोमाला गेली, आणि तिच्यासाठी भाकऱ्या नि शेंगदाण्याची चटणी बांधून तो डबा एसटीच्या कंडक्टरकडं द्यायला मी स्टँडवर जात होते.

मग ती कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात लागली. साखर कारखान्याची यंत्रं लोखंडात व्हायच्या आधी तिथं कागदावर होतात. त्या ऑफिसात ती एकटीच बाई. कुठला कागद कुठल्या नंबरचा हे तिला तोंडपाठ. कुठलीही वस्तू दिसली की ती कशी केली असेल, हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. लग्नाला गेलो की आम्ही बाया नवरीच्या अंगावरचं बघतो, ही मागच्या बाजूला जाऊन आचाऱ्याची भट्टी बघते. आमटीचा एक घोट घेऊन सांगते, "खोबरं जरा जास्त भाजलंय." आचारी चिडतात, पण खोबरं जास्त भाजलेलंच असतं. लग्नाचं काढलं की म्हणते, "आई, नवरा बघायला आला की मी त्याचीच मापं घेत बसते. जुळत न्हाईत."

सत्त्याण्णव साली कंपनीनं गिअरच्या कामासाठी दोन साहेबांना जर्मनीला पाठवायचं ठरवलं. कागद ओळखणारं माणूस हवं म्हणून तिसरी करुणा. कील नावाचं समुद्रकाठचं शहर, सहा आठवडे. साहेब लोक रविवारी खोलीत झोपा काढायचे आणि ही एकटी शहर बघत हिंडायची.

आल्यावर आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात तेच चाललं होतं. समुद्र तिथं गावाच्या पोटात शिरलेला आहे. रस्त्यानं चालताना दोन इमारतींच्या मधून अचानक जहाजाचं नाक दिसतं, पाच मजली घराएवढं. एसटी पकडावी तशी माणसं लाँच पकडून पलीकडच्या काठाला कामाला जातात. पहाटे धक्क्यावर मासे विकणाऱ्या बाया रबरी बूट घालून उभ्या असतात आणि गिऱ्हाइकाशी अगदी आपल्या मंडईतल्यासारख्या भांडतात.

"तितं भाकरी मिळत व्हती का गं?" सासूबाई, म्हणजे रंगुबाई, मधेच विचारायच्या.

"पाव मिळायचा आई. काळा, विटेएवढा जड."

"इटकर खाल्लीस म्हन की सा आठवडं."

मी पोळ्या लाटत ऐकत होते. मी समुद्र एकदाच पाहिला आहे. सहा डिसेंबरला दादरला, अभिवादनाच्या रांगेत, कडेवर मूल घेऊन, माणसांच्या खांद्यांमधून. हाताच्या रुंदीएवढा दिसला.

चौथ्या दिवशी सासूबाई बाहेर ओट्यावर बसल्या असताना करुणानं बॅगेतून पुठ्ठ्याच्या गोल चकत्या काढल्या. अकरा होत्या. कशावर बोकड, कशावर गलबत, कशावर मुकुट.

"हे काय?" मी विचारलं.

"पेल्याखाली ठेवतात वहिनी. बिअरच्या."

मी लाटणं खाली ठेवलं.

तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, पहिल्या रविवारी एका दुकानाच्या काचेतून तिला तांब्याचं भलंमोठं पातेलं दिसलं. आपल्या साखरेच्या पॅनचं धाकटं भावंड. झाकणाचा सांधा कसा बसवलाय ते बघायला ती आत शिरली. तिथला म्हातारा मालक स्वतःच बिअर गाळणारा. ही पातेल्याभोवती दोन फेऱ्या मारते, वहीत आकृती काढते, हे पाहून तो इतका खूश झाला की त्यानं लाकडाच्या फळीवर पाच लहान पेले मांडून समोर आणले. पाच रंगांचे.

"आणि तू प्यायलीस?"

"चाखली. एकेक घोट. मग पुढं दर रविवारी नव्या दोन ठिकाणी गेले. वहिनी, तिथं प्रत्येक घरची चव निराळी. आपल्याकडं कसा प्रत्येक घरचा काळा मसाला निराळा असतो, तसं. एक होती ना, काळी, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा काकवीत बुडवल्यासारखी. एक फिकी, गढूळ, पिकल्या केळ्याच्या वासाची. एक तर कडुलिंबाची काडी चावून वर पाणी प्यावं तशी."

मी कधी दारूच्या थेंबाला शिवले नाही, पुढंही शिवणार नाही. पण तिनं सांगितलं आणि ती काळी चव माझ्या जिभेवर आली. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "मंग चांगली कंची व्हती त्यातली?" त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"काळी."

"आसंल. करपल्यालं आमाला बी आवडतं." आणि हसल्या. पोरीला एक शब्द बोलल्या नाहीत. मी चीक करपवला तेव्हा मात्र अर्धा तास बोलल्या होत्या.

रात्रीच्या वंदनेत मी पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं शील म्हटलं, सुरामेरयमज्ज पमादट्ठाना, आणि करुणाकडं डोळे उघडून पाहिलं. ती डोळे मिटून शांतपणे म्हणत होती. मला तेही सहन झालं नाही.

आता माझी गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. सात वर्षं ते वाचन मी करते. पांढरी साडी नेसते, ग्रंथ पांढऱ्या कापडातून सोडते, मेणबत्ती लावते आणि वाचते. चाळीस-पन्नास बाया ऐकतात. त्या तासाभरात मला कुणी मीठ मागत नाही, टॉवेल मागत नाही. माझं असं म्हणावं ते या दुनियेत तेवढंच आहे.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी महिला मंडळाची बैठक झाली. मंडळाच्या अध्यक्ष द्वारकाबाई, वय सत्तर. छप्पन साली नागपूरला दीक्षेला तान्हं लेकरू घेऊन गेल्या होत्या, म्हणून त्यांच्या शब्दाला मान. त्या म्हणाल्या, "औंदा वाचन करुणानं करावं. आपल्यातली लेक सातासमुद्रापल्याड जाऊन आली. पोरीबाळी बघत्याल, शिकत्याल."

बायांनी माना डोलावल्या. माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही. करुणा म्हणाली, "नको द्वारकाआत्या, वहिनी वाचतात की." त्या म्हणाल्या, "ती सात वरसं वाचती. तिला बी इसावा."

विसावा! माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी उभी राहिले आणि म्हणाले, "वाचणाऱ्यानं पंचशील पाळलेलं असावं. करुणानं परदेशात दारू घेतली. एकदा नाही. अकरा ठिकाणी. तिच्याकडं चकत्या आहेत."

सासूबाईंनी माझा पदर ओढला. करुणाचं तोंड उतरलं, पण ती उठली.

"खरंय. प्यायले. नशा होईपर्यंत नाही, पण घोट तो घोटच. मला वाचायला सांगू नका."

आता निकाल लागला, असं मला वाटलं. द्वारकाबाईंनी चष्मा काढून पुसला.

"शील म्हंजी काय काचंची बरनी हाय व्हय, फुटली की फेकली? मोडलं तर परत घ्यायचं. म्हून तर दर रयवारी घेतो. आपल्या बाप्यांनी किती येळा मोडलं नि किती येळा घेतलं, सांगू का नावं?" बाया खुदखुदल्या. मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुला त्ये घरात ठावं व्हतं?"

"होय."

"किती दिस?"

"महिना-दीड महिना झाला."

"मंग तवाच तिला म्हनायचं, करुणे चल, परत शील घे. तवा बोलली न्हाईस. वाचनाचं नाव निघालं तवा बोललीस." एवढंच म्हणाल्या. आवाजही चढवला नाही. "आता तूच दे तिला शील."

मी पुढं बसले. ती माझ्यासमोर हात जोडून बसली, पाढे घ्यायला बसायची तशी. मी म्हणत गेले, ती मागून म्हणत गेली. पाचव्या शिलाला तिचा आवाज अजिबात कापला नाही. कापला तो माझा, आणि तोही चौथ्यालाच, मुसावादाला. मी खोटं बोलले नव्हते. पण वाणीचं शील निव्वळ खोट्यापुरतं नसतं, हे मी स्वतःच सात वर्षं वाचून दाखवत आले आहे.

"पौर्णिमेला करुणा वाचंल," द्वारकाबाई म्हणाल्या. "फुडचं फुडं."

आठवडाभर घरात बोलणं बेताचं होतं. यजमान म्हणाले, "घरातलं घरात ठेवायचं होतंस." करुणा नेहमीसारखी माझ्या ताटात आधी वाढत राहिली. तिनं भांडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

पौर्णिमा आली. विहार भरून गेलं. करुणा ग्रंथापुढं बसली आणि वाचायला लागली. आणि काय सांगू, तिला वाचता येईना! नकाशावरचे आकडे मोजावेत तशी ती एका दमात, पुटपुटत, खाली मान घालून वाचत होती. विराम नाही, चढउतार नाही. मागच्या ओळीतून एक म्हातारी ओरडली, "पोरी, कुनाला सांगतीयास, आमाला का कागदाला?" दुसरी म्हणाली, "जरा हळू घे, गाडी चुकतीय का तुझी?" हशा पिकला. करुणाही हसली. कानापर्यंत लाल झाली, ग्रंथ उचलला आणि थेट माझ्यासमोर आणून ठेवला.

"घ्या वहिनी. ह्याचं माप तुमच्याकडंच आहे."

मी द्वारकाबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "बघतीस काय? वाच."

मी वाचलं. लिहायला लाज वाटते, पण इतकं चांगलं मी कधीच वाचलं नव्हतं. जिथं थांबायचं तिथं थांबले, जिथं आवाज खाली घ्यायचा तिथं घेतला. बायांनी डोळे पुसले. वर्षावासाचं सगळं वाचन पुन्हा माझ्याकडं आलं, त्याच दिवशी ठरलं.

वाचन संपलं. मी ग्रंथ पांढऱ्या कापडात बांधला. वर पाहिलं तर समोर कुणीच नव्हतं. सगळ्या बाया बाहेर पायरीवर करुणाभोवती जमल्या होत्या. "जहाज खरंच घरांमधनं दिसतं?" "लाँचमधी भ्या वाटलं का?" द्वारकाबाई मधोमध बसून विचारत होत्या, "पाच पेलं मांडल्यावं त्यो म्हातारा काय म्हनला?" आणि करुणा, जिला दोन ओळी नीट वाचता आल्या नाहीत, ती हातवारे करून असं सांगत होती की मीही दाराशी उभी राहून ऐकत राहिले. गलबतं, तांब्याची भांडी, धक्क्यावरचा वारा. मला बोलावून घ्यायला कुणाला सुचलं नाही. करुणाला सुचलं. तिनं सरकून जागा केली. मी कुलूप लावायचंय असं म्हणाले आणि उभीच राहिले.

माझं मला परत मिळालं, हे खरं. पण त्या पायरीवरचं जे आहे ते मला वाचून मिळणार नाही. हेवा अजून आहे. रोज शील घेते, तो रोज थोडा उरतो.

पुढच्या रविवारी शेजारच्या कळंब गावच्या बायाही येणार म्हणून निरोप आला आहे. निरोप्यानं विचारलं, "वाचन झाल्यावर करुणाताई असतील ना?" मी हो म्हटलं. विहारातल्या सतरंज्या पुरायच्या नाहीत. आता उठते, द्वारकाबाईंच्या घरून दोन मोठ्या सतरंज्या आणायला जायचं आहे.