उपासाचे कानवले

रेखाकाकी मूळची पाटण खोऱ्यातली, नांदते इंग्लंडात, लीड्समध्ये. नवरा नंदूकाका तिथं बस चालवतो. वीस वर्षं झाली, तरी इंग्रजीसुद्धा ती पाटणच्या चालीवर हाणते. समोरच्याला कळतं, मग बदलायचं कशाला?

एकदा शाळेच्या फेटमध्ये, म्हणजे तिथल्या आनंदमेळ्यात, तिनं करंज्या मांडल्या होत्या. कालिओपी नावाची ग्रीक बेकरीवाली आली आणि करंजी खायची सोडून कडेची मुरडच बघत बसली. दुसऱ्या दिवशी काकी तिच्याकडं कामाला. कालिओपी क्रीट बेटावरची. त्यांच्याकडं तळहाताएवढे कानवले करतात, त्यांना कालित्सुनिया म्हणतात. गोडात ताजं चीज, वर मध नि दालचिनी. तिखटामिठाच्यात रानभाजी नि बडीशेपेचा पाला. भाजी बघून काकी म्हणाली, ही तर आमच्या बांधावरची, नुसती जास्त शिकलेली.

यंदा कालिओपी तीन महिने आईकडं जाणार होती. दुकानाची चावी कुणाला द्यायची, ते काही बोलली नव्हती. काकीला चावी हवी होती. वीस वर्षांत कुणी तिच्या हाती आख्खं काही दिलं नव्हतं. शनिवारी चर्चच्या बायकांची शंभर कानवल्यांची ऑर्डर तिच्या एकटीवर टाकून कालिओपी घरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, भाजीचे कर, उपासाचे आहेत.

गव्हाचं पीठ उपासाला चालतं म्हणजे यांचा देव दिलदार, पण म्हणून आपण हयगय करायची का? काकीनं ऑलिव्ह तेलाचा डबा मागं सारला, घरनं साजूक तुपाची बरणी आणली आणि पीठ तुपात मळलं. वासानं शेजारचा न्हावी दोनदा डोकावून गेला.

रविवारी सकाळी चर्चमधली एक म्हातारी खोकी न्यायला आली. टेकल्या टेकल्या सांगायला लागली. ईस्टर येईस्तोवर चहात दुधाचा थेंब नाही, लोणी नाही, अंडं नाही. त्र्याऐंशी वर्षांची झाली, उपास एकदाही मोडला नाही.

खोकी बांधणारे काकीचे हात सुतळीवरच थांबले. कालिओपी गल्ल्याशी उभी. काकी गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण म्हातारी खोक्याकडं हात करायला आणि काकीनं ते मागं ओढायला एकच गाठ पडली.

"आजी, ह्ये तुम्हास्नी न्हाई चालायचं. तूप हाय ह्यात."

कालिओपीनं विचारलं, "तूप? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई. आमच्यात उपासाला तूपच चांगलं. म्हटलं, तुमच्या देवाला कमी कशाला?"

कालिओपीचं तोंड भट्टीसारखं झालं. तिनं तेलाचा डबा काकीपुढं आदळला. मग दोघींनी पुन्हा पीठ मळलं. म्हातारीनं बाह्या सारल्या, स्टुलावर बसून भाजी चिरली आणि काकीची मुरड जाड होते म्हणून वर टोमणेही मारले. प्रार्थना सुटायला शंभर कानवले चर्चच्या दारात होते. तुपातले शंभर कालिओपीनं फ्रीजरमध्ये टाकले आणि खोक्यांवर ईस्टर असं लिहिलं.

घरी नंदूकाका म्हणाला, चावी गेली बघ. काकी म्हणाली, गेली तर गेली, जेव.

सोमवारी कालिओपीनं दुकानाची चावी काकीपुढं ओट्यावर ठेवली. तुपाची बरणी मात्र कपाटात घातली, कुलूप लावलं आणि त्या कुलपाची किल्ली पर्समध्ये टाकून क्रीटला निघून गेली.