पाचर कोणी मारायला लावली

सोजरबाई,

तुला वाचता येत नाही आणि तुझ्या लेकीकडून, मिनलकडून, तू हे वाचून घेणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. कामगार खात्याच्या सुनावणीची बातमी छापून आली, त्यात तुझ्या वाट्याला एकच ओळ आली : ‘जखमी महिलेने स्वतःची चूक मान्य केली.’ ती ओळ वाचून माझं डोकं फिरलं. तू कोण, हे लोकांना निदान नीट कळू दे.

तू धारूरकडची. नवरा वारल्यावर लेकीला घेऊन काळेवाडीत आलीस, कारण ज्योतीराम तिथे होता. तुमच्याच गावचा. गावाकडच्या बाया त्याने आणल्या, एका चाळीत ठेवल्या आणि रोज सकाळी टेम्पोत भरून चाकणच्या प्रेस शॉपमध्ये नेल्या. ठेकेदार तोच, घरमालक तोच आणि राखीपौर्णिमेला ओवाळायला भाऊही तोच.

मी म्हटलं होतं, “अगं, भाऊ कसला? मुकादम आहे तो तुमचा.”

तू हसलीस. “ताई, तुमचा निगडीत बंगला हाय. तुमाला भाऊ नसला तरी चालतंय.”



ज्यांनी प्रेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पत्रा दाबून गाडीचे भाग काढणारी ही मशीन. तिला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण असं केलं की माल कमी निघतो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर मारायची; डाव्या हाताने दुसरं बटण दाबायचं, उजव्याने पत्रा सरकवायचा. तपासणीला साहेब येणार असले की पाचरी निघायच्या. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा बसायच्या.

तुझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कंपनी म्हणाली, बाई आमची नाही, ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, पाचर बाईनेच मारली. ते खोटं नव्हतं. तूच मारायचीस, रोज, त्याने सांगितलं म्हणून.

आमच्या कामगार संघटनेची मागणी साधी होती : पाचर मारता येईल असा प्रेस चालूच ठेवू देऊ नये, आणि बाई ठेकेदाराची असली तरी अपघाताची जबाबदारी कंपनीची. निवेदनं देऊन देऊन आम्ही थकलो होतो. पाचर मारायला कोण लावतं, हे अधिकाऱ्यांसमोर सांगणारी एक बाई हवी होती. चाळीतल्या सगळ्या नाही म्हणाल्या, तू हो म्हणालीस.

आणि सुनावणीच्या आधी तू ज्योतीरामकडे जाऊन हे सगळं सांगून आलीस!

“ज्याचं नाव घ्यायचं त्यालाच सांगितलंस? अक्कल गहाण टाकलीस का गं?”

“भावाला न इचारता चारचौघांत त्याचं नाव कसं घ्यावं, ताई? बरं दिसतंय का ते? अन् त्यो चिडला न्हाई. च्या पाजला. म्हनला, अक्का, खुशाल बोल.”

दुसऱ्या दिवशी त्याने मिनलला, ती त्याच कंपनीत पॅकिंगला होती, तिथून काढून त्याच प्रेसवर उभं केलं. तुझ्याच जागी.

सुनावणीच्या दिवशी राजगुरुनगरच्या हॉलमध्ये कामगार खात्याच्या साहेबांनी विचारलं, “बटणात पाचर कोणी मारली?”

“म्या.”

“कोणी सांगितलं होतं?”

तू मागे वळून बघितलंस. ज्योतीराम पांढऱ्या कपड्यांत पाय पसरून बसला होता.

“कुनी न्हाई. माजंच ध्यान नव्हतं.”

“खोटं बोलतीया ही!” तुझ्या शेजारच्या खोलीतली दुर्गाबाई ओरडली. ज्योतीरामने नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला आणि खाली बसली.

बाहेर आल्यावर मी तुला झापलं. “किती बायांचे हात तुझ्या एका वाक्यावर होते, कळतंय का?”

“कळतंय की. अन् माज्या लेकीचे दोनी हात त्याच्यापाशी हायत, त्याचं काय करू?”

मग तूच म्हणालीस, “तिला आधी तिथनं काढते. मग साहेबाला एकटं गाठून खरं सांगू. तुमी यायचं संगं.” खात्याचा आदेश निघेपर्यंत पुन्हा जबाब घेता येईल, असं साहेबही म्हणाले. गुरुवार ठरला. निगडीच्या बसस्टँडवर भेटायचं.

गुरुवारी मी उन्हात उभी, आणि तुझा फोन. “ताई, मिनल ऐकंना. म्हनती, प्रेसवर पॅकिंगपरीस जास्त मिळतंय, तुज्या हाताला काम न्हाई, मी बी घरी बसू का? पुढल्या गुरुवारी बघू.”

पुढच्या गुरुवारी तुझा फोनच लागला नाही. चाळीत आले तर तू दार उघडलंस, हात पदराखाली घेतलास आणि म्हणालीस, “मिनल कामावरनं येऊ द्या, मग बोलू.” मिनल आली ती माझ्याकडे न बघता आत गेली. तू चहा ठेवलास. तो पिऊन मी निघाले.

आता आदेश निघाला आहे. पाचर मारता येईल असा प्रेस बंद करायचं कलम त्यात नाही. पुरावा नाही म्हणून गाळलं. मिनल सकाळी टेम्पोत बसते, तू दारातून बघत राहतेस. आपलं दोघींचं साहेबाकडे जायचं तेवढं राहिलं.