सुई उडता कामा नये

ट्रायकोनं सर्बियातल्या आमच्या लेस्कोवात्स गावात चार दारं तोडली, दोघांचे जबडे मोडले आणि एका पोलिसाला उचलून चौकातल्या कारंज्यात बसवलं. नोव्हेंबर लागला की तो घरोघर डुकरं मारायला जायचा. एक घाव, काम फत्ते. त्यानं आपटलेल्या दारात सापडून त्याच्या बायकोचं, पेर्सिदावहिनीचं, एक बोट कायमचं वाकडं झालं होतं. मुद्दाम नाही केलं, म्हणायचा. असल्या माणसानं माझ्यासारख्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, की सगळ्यात हलक्या हाताचं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, कोणतं, तेव्हा मी आधी हसलो. मग त्याच्या मुठी बघून हसू आवरलं.

कारण होतं त्याचा धाकटा भाऊ ग्रादिमिर. लग्नांत अकॉर्डियन वाजवायचा. त्याची एकच रेकॉर्ड निघाली, आणि पुढच्याच वर्षी एका लग्नात आधी कुणाचं गाणं वाजवायचं यावरून ब्लागोये नावाच्या माणसानं त्याच्या पोटात सुरा घातला. आता घरात त्या रेकॉर्डची एकच प्रत उरली होती आणि जुन्या यंत्राची जाड सुई ती खरवडत होती. भाच्यानं सुचवलं, मामा, फोनमध्ये घालून देतो. ट्रायको म्हणाला, "फोनमध्ये मेलेला वाजतो."

ग्रादिमिरच्या वाट्याचं मिरचीचं शेत विकून सात हजार युरो आले होते. टर्नटेबल आणि त्याची सुई चार हजारांत बसली. मी ते जोडलं, साधी रेकॉर्ड लावली. ट्रायको खुशीत दोन पावलं चालला आणि सुई टुणकन उडाली. घराची जमीन लाकडी, माणूस सव्वाशे किलोचा.

"खाली दगडी बैठक लागेल," मी म्हणालो. "स्प्रिंगांवर बसवलेली. वर कुणी नाचलं तरी सुईला कळत नाही. तीन हजार."

"घेऊ," ट्रायको म्हणाला.

"मिरचीचं अख्खं शेत का गिळायचंय तुला?" वहिनी म्हणाली. "जमीन हलते कुणामुळे? तू नीट चाल, दारं नीट लाव. फुकट आहे."

"मला जमणार नाही."

"चाळीस दिवस. मेलेल्यासाठी पाळतोच ना आपण चाळीस दिवस? नाही जमलं तर घे तुझा दगड. हे रेडिओवाले उस्ताद येऊन बघतील."

वहिनीला तीन हजारांचं फारसं पडलं नव्हतं. तिला चाळीस दिवस शांत नवरा हवा होता, आणि मग जमल्यास पुढचं आयुष्य. मला ते तेव्हाच कळलं होतं.

आणि खरंच, माणूस बदलला. मोजे घालून घरात चालायचा. दार लावताना कडी हातात धरून ठेवायचा. गल्लीत चेष्टा सुरू झाली, ट्रायको बाळंतीण झालाय म्हणे. त्यानं कुणाला थोबाडीतसुद्धा मारली नाही.

चाळिसावा दिवस क्षमेच्या रविवारी आला. मोठ्या उपासाआधीच्या या दिवशी आमच्याकडे ज्यानं त्यानं ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जाऊन माफी मागायची, आणि आलेल्याला परत पाठवायचं नाही, अशी रीत. मी जाऊन बसलो. ट्रायकोनं नव्या यंत्रावर पहिल्यांदाच ग्रादिमिरची रेकॉर्ड लावली. अकॉर्डियन असं वाजलं, की पोरगा खोलीतच बसलाय. ट्रायको ढसाढसा रडला, पण अंग हलू न देता.

तेवढ्यात दार ढकलून ब्लागोये आत आला. नऊ वर्षं तुरुंगात काढून वाळलेला, हातात राकिया दारूची बाटली.

"ट्रायको," तो म्हणाला, "माफ कर मला."

ट्रायको उठला. इतका हळू, की मला वाटलं, जिंकली वहिनी. चवड्यांवर चालत तो गेला, ब्लागोयेला कॉलरला धरून उचललं, अंगणात नेलं आणि मागे दार ओढून घेतलं. कडीसुद्धा वाजली नाही.

मग बाटली फुटली. मग ठोसे. मग काहीतरी मोडल्याचा आवाज, आणि ब्लागोयेचं ओरडणं ओलं ओलं होत गेलं. मी हललो नाही. मनाशी म्हणालो, उठलो तर सुई उडेल. खोटं होतं ते, मी भ्यालो होतो. त्या भीतीतही माझे डोळे सुईवर होते आणि ती जराही हलत नव्हती याचं मला बरं वाटत होतं. याची मला आजही लाज वाटते.

वहिनी उठली. दाराकडे गेली नाही. टर्नटेबलसमोर उभी राहिली आणि तिनं जाड टाचेचा बूट जमिनीवर दाणकन आपटला. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा सुई उडाली आणि ग्रादिमिरच्या गाण्यावरून फाडत गेली. तो कर्कश आवाज अंगणापर्यंत पोचला असणार, कारण ठोसे थांबले.

ट्रायको दारात आला. हात कोपरापर्यंत लाल. त्यानं रेकॉर्डकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मूठ वर गेली.

"मार," ती म्हणाली. तिनं वाकडं बोट टर्नटेबलकडे केलं. "दगड घेतला असतास तर आज मी तुला थांबवू शकले नसते."

मूठ तशीच राहिली. मग तो खाली बसला. बाहेर ब्लागोये कण्हत होता, म्हणजे जिवंत होता. मी तेव्हा कुठे उठून ॲम्ब्युलन्सला फोन केला.