रिंगमास्तरांची शिस्त

हॉस्पिटलातले लोक संगणक विभागाच्या प्रमुखांना रिंगमास्तर म्हणत, आणि या गृहस्थांना ते कौतुक वाटे. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! त्यांनी चाळीस संगणक एका रिंगेत ओवले होते. रिंगेत एक टोकन फिरतं. ते ज्याच्याकडे येईल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. घरीही हाच कायदा. जेवताना आधी मास्तर बोलणार, मग बाकीचे. धाकट्या बहिणीचा नंबर येईपर्यंत ताटं उचललेली असत.

ही बहीण खालच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. संगणक रिंगेला जोडायचं कार्ड एकच कंपनी द्यायची, तेही महागडं आणि तीन-तीन महिने वाट बघायला लावून. शेवटी वैतागून तिनं बाजारातून इथरनेट नावाच्या दुसऱ्या पद्धतीची कार्डं आणली. तीन कार्डं, तीन वेगळ्या कंपन्यांची, तरी एकमेकांशी बोलायला तयार. टेलिफोनसारख्या साध्या तारेनं तिनं आपले संगणक आणि प्रिंटर जोडून टाकले.

"सगळे एकदम बोलणार? हा काय मासळीबाजार आहे?" मास्तर म्हणाले.

"दोघं एकदम बोलले तर दोघंही थांबतात, दादा. मग आपापला कमी-जास्त वेळ थांबून पुन्हा बोलतात. चालतंय."

"म्हणे चालतंय!" नाकानं कांदे सोलण्यात मास्तरांचा हात कोण धरणार?

नव्या इमारतीत कोणती तार घालायची, हे ठरवायला डायरेक्टरबाई आल्या. मास्तरांची आयुष्यभराची पत पणाला लागली होती. त्यांनी ऐटीत एक्केचाळिसावा संगणक रिंगेत जोडला. रिंगेचा वेग होता सोळा मेगाबिट आणि नव्या कार्डावर लावलेला होता चार. पण असल्या बारीकसारीक गोष्टी बघणं म्हणजे हाताखालच्यांचं काम! संगणक जोडला आणि सगळी रिंग ठप्प. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खाली प्रयोगशाळेत प्रिंटर खुशाल रिपोर्ट छापत होता. बाई तिकडे गेल्या.

"कार्ड बिघडलं तर?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरं आणते. कुठल्याही कंपनीचं चालतं."

निर्णय तिथंच झाला. जगातही असंच झालं: ज्याचे नियम सगळ्यांना खुले, ते दहाजण बनवू लागले, स्वस्त झालं आणि घरोघरी गेलं. मास्तरांची शिस्त कपाटात राहिली.

दुसऱ्या दिवशी मास्तर तारेचं भेंडोळं घेऊन बहिणीच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे. रिंगेच्या तारा कंपनीकडून तयार यायच्या. स्वतःच्या हातानं तारेच्या टोकाला प्लग बसवायची अक्कल या प्रमुखांना नव्हती.

"शिकव," ते पुटपुटले.

तिनं तार सोलली, आतल्या आठ रंगीत तारा ओळीनं लावल्या आणि सांगायला तोंड उघडलं. सवयीनं मास्तरांनीही उघडलं. दोघंही थांबले.

मास्तर वाट बघत राहिले. आधी ती बोलली.